लोखंडाचे काप आणि चुन्याची निवळी

प्रिय मुलांनो,

गेल्या महिन्यात तुमच्यातल्या धाकटीचं पत्र आलं. तिकडच्या संग्रहालयात तिने काचेमागे ठेवलेला लोखंडाचा एक पातळ काप पाहिला. त्यावर रेघांची जाळी होती आणि खाली लिहिलं होतं की हे लोखंड आकाशातून पडलेलं आहे. "आजी, तू असं काही कधी पाहिलं नसशील," असं तिने मोठ्या मायेने लिहिलं आहे. ते वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ एकटीच हसत बसले. मग उठले, कपाटाच्या खालच्या कप्प्यातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला, आतली ओल पिणारी चुनकळी फुटून भुकटी व्हायला आली होती ती बदलली, आणि ही वही उघडली.

आत्ताच लिहायचं दुसरं कारण असं, की पुढच्या महिन्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. पहिल्याचं नीट झालं, तेव्हा काळजी करू नका. पण त्या डब्यात काय आहे हे सांगणारं आता या घरात माझ्याशिवाय कुणी नाही. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण यातली बहुतेक माणसं इंग्रजी बोलत नव्हती, आणि त्यांचं बोलणं मला त्यांच्याच शब्दांत हवं आहे. अडेल तिथे आईला विचारा.

माझं माहेर तळेगावचं. वडील शाळेत विज्ञान शिकवत. रविवारी ते मला टांग्याने इंदुरीला नेत. इंद्रायणीच्या काठी बसून आम्ही दशम्या खायचो आणि ते गोटे फोडून आत काय आहे ते दाखवायचे. दगड बाहेरून ओळखू नये, असं त्यांचं म्हणणं. मी दहा-अकरा वर्षांची असताना त्यांनी एका जाड इंग्रजी पुस्तकातलं चित्र दाखवलं. आकाशातून जी जळती रेघ पडताना दिसते ती उल्का, आणि त्यातून जमिनीपर्यंत जे पोचतं ते अशनी. बरेचसे अशनी दगडाचे, काही थोडे लोखंडाचे. लोखंडाचा अशनी करवतीने कापून, घासून गुळगुळीत केला आणि त्यावर पातळ तेजाब, म्हणजे ॲसिड, फिरवलं, की आतली वीण वर येते. चित्रात ती वीण होती. पट्टे एकमेकांना तिरपे छेदत गेलेले, कडेला बारीक किनार.

"हे विणलं कुणी?" मी विचारलं.

"निवण्याने," वडील म्हणाले. "तापलेलं लोखंड निवत गेलं, त्याने."

"किती दिवस लागले?"

"दिवस मोजू नकोस. लाखो वर्षांत थोडंसं, इतकं हळू."

त्या वयात मला लाख म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण चित्र डोळ्यांपुढून गेलं नाही. याच वडिलांनी पुढे लोकांचं न ऐकता मला पुण्याला शाळेत आणि नंतर कॉलेजात घातलं. तेव्हा मी त्यांचे आभार मानले नाहीत. आम्हाला ती सवय नव्हती. इथे मानते.

लग्न होऊन मी लोणावळ्याला आले. तुमचे आजोबा रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये फिटरांवर देखरेख करत. आमचं बिऱ्हाड भुशीच्या रस्त्याला, पत्र्याच्या छपराच्या घरात. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाई लवकर विधवा झालेल्या, सोवळ्यातल्या, हाताच्या स्वच्छ आणि जिभेच्या तिखट. मी पुस्तक घेऊन बसले की त्या म्हणायच्या, "वाच हो वाच. आमटी आपली आपण उकळेल." आणि आमटी खरोखरच त्यांनी उतरवून ठेवलेली असायची.

डोंगरावरच्या ठाकरवाडीतली एक बाई आमच्याकडे करवंदं, अळंबी, सरपण घेऊन यायची. आम्ही तिला मावशी म्हणत असू. उन्हाळ्यात ती घाटात रुळांसाठी खडी फोडायच्या कामावर जाई. काळा दगड फुटला की कधी कधी आत पोकळी निघते आणि तिच्यात पांढरे, हिरवट, काचेसारखे स्फटिक असतात. तुम्ही त्यांना क्रिस्टल म्हणाल. मावशीच्या लेखी त्या सगळ्या गारा. एकदा तिने पदरातून एक काढून माझ्यापुढे ठेवली.

"बाई, मुकादम म्हनतो फेकून दे. मी म्हनलं तुमाला असलं लय आवडतं."

ती गार म्हणजे मोराच्या पिसाऱ्यासारखा उलगडलेला स्फटिकांचा गुच्छ होता. मी तिला गूळ आणि तांदूळ दिले. तेव्हापासून चांगली गार निघाली की ती कापडात बांधून माझ्याकडे येऊ लागली.

याच गारांनी मला अशनी मिळवून दिले. एका इंग्रजी मासिकात स्कॉटलंडमधल्या एका शाळामास्तरांची छोटी सूचना होती. त्यांना हिंदुस्थानातल्या अशा गारा हव्या होत्या आणि बदल्यात ते आपल्या संग्रहातले अशनीचे लहान काप द्यायला तयार होते. मी आजोबांना दाखवलं. ते म्हणाले, "लिही. फार तर उत्तर येणार नाही." मी चार गारा भाताच्या तुसात बसवून लाकडी पेटीतून पाठवल्या. पाच महिन्यांनी एक चपटं पाकीट आलं. आत मेणकागद, मेणकागदात कापूस, कापसात रुपयाएवढा एक काप.

पुस्तकातलं चित्र माझ्या तळहातावर होतं. मी खिडकीशी जाऊन तो हलवत राहिले. एका बाजूला कलला की काही पट्टे उजळत आणि बाकीचे काळवंडत, दुसऱ्या बाजूला कलला की उलट.

यात बघायचं काय, ते सांगते. हे लोखंड शुद्ध नसतं, त्यात निकेल मिसळलेलं असतं. फार पूर्वी फुटून गेलेल्या कुठल्याशा गोलाच्या पोटात ते तापलेलं होतं. निवता निवता त्याच्या आत दोन जाती वेगळ्या झाल्या. एकीत निकेल कमी, तिचे रुंद पट्टे. दुसरीत निकेल जास्त, ती त्या पट्ट्यांच्या कडेने किनारीसारखी. नुसतं घासलं तर दोन्ही सारख्याच चमकतात, काहीच दिसत नाही. तेजाब लागलं की पट्टे झिजून मंद होतात आणि किनार उजळ राहते. पृथ्वीवरच्या कुठल्याही भट्टीत अशी वीण येत नाही, कारण इतका वेळ कुणापाशी नाही. तुमचे आजोबा म्हणायचे, "या वेळापत्रकावर गाडी सोडली तर खंडाळा यायच्या आत घाट झिजून सपाट होईल." त्यांनी आणखी एक सांगितलं होतं, ते लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. असलं लोखंड भट्टीत घालून लालबुंद केलं तर मात्र वीण आतूनच मोडते आणि परत येत नाही.

सासूबाईंनी दारातूनच विचारलं, "काय आलंय एवढं विलायतेहून?"

"लोखंडाचा काप."

"केळ्याचे काप ऐकलेत, सुरणाचे ऐकलेत. लोखंडाचे आजच. तळायचेत का?"

तो ताऱ्यातून पडला आहे असं कळल्यावर त्यांची थट्टा थांबली. तारा तुटताना दिसला तर त्या मान फिरवून रामनाम घेत. त्यातून लोखंड, म्हणजे शनीचं. "ते देवाच्या खोलीकडे आणू नकोस," एवढंच त्या म्हणाल्या. मीही आग्रह केला नाही. त्यांना यातलं काय कळणार, असं मी मनात म्हटलं. हे वाक्य मला लिहायला आवडत नाही, पण ते खरं आहे.

सात वर्षांत माझ्याकडे सहा काप जमले. एकाचे पट्टे बोटभर रुंद, एकाचे केसाएवढे बारीक. एकात मधोमध पितळी रंगाचा गोल डाग होता. प्रत्येकासाठी मी वहीत जागा केली होती: कधी आला, किती लांब, किती जाड, पट्टे किती दिशांनी जातात. हीच टिपणं मी मास्तरांनाही लिहून कळवत असे. लोणावळ्यात लोखंड सांभाळायचं म्हणजे मात्र शिक्षाच. पावसाळ्यात आमच्याकडे मिठाचं पाणी होतं, चपलांवर बुरशी धरते, काडेपेटी पेटत नाही. मी काप शिलाईच्या यंत्राचं तेल लावून, फडक्यात गुंडाळून, चुनकळी घातलेल्या डब्यात ठेवत असे. चुनकळी ओल पिते. दर पंधरा दिवसांनी ती बदलायची. या कामात मी कधी चुकले नाही आणि त्याचा मला थोडा गर्वही होता.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. मी पुण्याच्या ज्या मुलींच्या शाळेत शिकले होते, तिथल्या बाईंनी मला दिवाळीआधी मुलींना हे काप दाखवायला बोलावलं. मी मास्तरांना तसं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं आणि बरोबर एक मोठी पेटी. आत होता त्यांच्या संग्रहातला सर्वांत चांगला काप, माझ्या पंजाएवढा. तो त्यांच्या गुरूंनी स्वतः घासून, वीण वर आणून त्यांना दिला होता. हा मात्र बदल्यात नव्हता, उसना होता. त्यांनी लिहिलं होतं: "मुलींना पाहू द्या. नाताळपर्यंत परत पाठवा. एकच अट, जसा आला तसा परत यावा. मी हा कुणाला देत नाही, पण तुमच्या टिपणांवरून तुम्ही वस्तू कशा ठेवता ते मला दिसतं." मी लगेच उलट टपालाने शब्द दिला. जसा आला तसा.

नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या सगळ्या लोखंडाची पूजा असे. आजोबांची हत्यारांची पेटी, विळी, कोयता, अडकित्ता, माझं शिलाईचं यंत्र. त्याच्या आदल्या दिवशी मी पहिल्या गाडीने तळेगावला गेले होते, वडिलांची तब्येत बरी नव्हती म्हणून. दिवेलागणीला परत आले. सासूबाई ओटीवर बसल्या होत्या, बोटं लाल झालेली, चेहरा मात्र खूश. पाटावर विळी-कोयता मांडून ठेवलेला आणि त्यांच्या शेजारी ओळीने माझे सहा काप आणि तो सातवा. सातवा आरशासारखा लखलखत होता. त्यात मला माझं नाक दिसलं. वीण कुठेच नव्हती.

"बघ," त्या म्हणाल्या. "म्हटलं लोखंड ते लोखंड, त्यालाच का वर्षाची पूजा नको? बाकीचे नुसते पुसले. हा मोठा मात्र चरे पडून अगदी खराब झाला होता. चिंच लावली, विटकरीची भुकटी लावली, शेवटी ह्याच्या हत्यारांच्या पेटीतला काचकागद घेतला. दुपारभर घासलं तेव्हा कुठे गेले मेले चरे."

मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. "तुम्हाला कुणी हात लावायला सांगितला होता?" हे त्यातलं सर्वांत सौम्य. मी त्यांच्याशी आवाज चढवून कधी बोलले नव्हते. त्या उठल्या, हात धुतले आणि आत गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "देवाजवळ नको म्हणत होते तोवर चांगली होते."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ज्या वस्तूला त्या सात वर्षं शिवल्या नव्हत्या, तिला त्यांनी त्या दिवशी आपण होऊन पूजेत घेतलं होतं. आणि त्या सात वर्षांत मी त्यांच्या हातावर एकदाही काप ठेवून, हे चरे नाहीत, हीच तर गंमत आहे, असं सांगितलं नव्हतं.

आजोबा आले. त्यांनी काप उजेडात धरून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "आई, तू हा तापवलास का? निखाऱ्यात घातलास?"

"मी काय लोहार आहे?" आतून आवाज आला.

"मग काही बिघडलं नाही," ते मला म्हणाले. "वर घासलं म्हणून आतलं कसं जाईल? आत आहे ते आतच आहे. पुन्हा वर आणायचं."

हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण स्वतः कधी केलं नव्हतं. चुकलं असतं तर दुसऱ्याचा काप गेला असता, आणि माझा शब्दही. म्हणून आधी माझ्या सहांतल्या सर्वांत लहान कापावर करून बघायचं ठरवलं. तेजाब सोनाराकडे मिळतं. सोन्याचा कस पाहायला ते लागतं. दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी बाजारपेठेतल्या सोनाराकडे काचेची बाटली घेऊन गेले.

"वहिनी, सणाच्या दिवशी लोक सोनं नेतात, तुम्ही तेजाब नेताय," तो म्हणाला. मग बाटली देताना गंभीर झाला. "पाण्यात तेजाब ओतायचं. तेजाबात पाणी ओतलं तर उडून डोळे जातील. आणि धुवायचं मनापासून. हे तसं पाठ सोडत नाही."

मागच्या अंगणात लहान काप मी आजोबांनी आणलेल्या अगदी बारीक कागदाने घासला, चिनी मातीच्या बशीत ठेवला आणि काडीला कापूस गुंडाळून पातळ तेजाब फिरवलं. मिनिटभराने वीण धुक्यातून आल्यासारखी वर आली. आनंदाने मी इतकी घाईला आले की तो दोनदा पाण्यातून काढला, पुसला, तेल लावलं आणि डब्यात ठेवून दिला. तीन दिवसांनी डबा उघडला तर त्यावर तांबड्या पुळ्या उठल्या होत्या आणि कडेने पापुद्रे सुटत होते. पट्ट्यांच्या फटीत तेजाब राहिलं होतं आणि ते आतून लोखंड खात होतं. मी घासलं, पुन्हा धुतलं, पण तो काप हातातच तुकडे तुकडे झाला.

त्या तीन दिवसांत सासूबाई माझ्याशी "पान घेतलंय" आणि "दूध आलंय" याच्यापलीकडे बोलल्या नव्हत्या. मी मागच्या पायरीवर ते तुकडे घेऊन बसले होते. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हा कुणी घालवला?"

"मी."

"असं. मी न शिकता घासला, तू शिकून गंजवलास." मग शेजारी बसल्या. "ते तेजाब चवीला काय असतं? आंबट?"

"चव घेत नाहीत त्याची. पण हो, आंबटच. आम्ल."

"मग तू त्याला नुसत्या पाण्याने काय धुतेस? पोराला आंबट उलटी झाली तर आपण काय देतो? चुन्याची निवळी. पोराच्या पोटातलं आंबट मारते, ती लोखंडातलं मारणार नाही?"

कॉलेजात मी रसायनशास्त्रात आम्ल आणि अल्क यांचं समीकरण चांगल्या अक्षरात लिहून गुण मिळवले होते. घरात चुनकळीचा डबा होता आणि तीच चुनकळी पाण्यात विरवून, वरचं नितळ पाणी काढून घेतलं की निवळी होते, हेही मला माहीत होतं. दोन्ही एकत्र आणायला सासूबाई लागल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मिळून बसलो. त्यांनी आदल्या संध्याकाळीच दोन पातेली निवळी करून ठेवली होती. मी आधी पाण्यात तेजाब ओतलं, त्यांनी "हळू, हळू" म्हणत नाकाला पदर लावला. काचकागदाचे बारीक ओरखडे आजोबांनी दोन संध्याकाळी बसून काढून दिले होते. मोठा काप बशीत ठेवला आणि मी कापूस फिरवू लागले. तेवढ्यात परसदारी मावशी सरपण घेऊन आली आणि तीही उकिडवी बसली.

आधी काहीच नाही. मग एका कोपऱ्यात एक तिरपी रेघ. मग तिला छेदणारी दुसरी. मग सगळीकडून एकदम.

"अगोबाई," सासूबाई म्हणाल्या. "हे तर आतून येतंय."

"आमच्या कुडाच्या भितीवानी हाय की वो," मावशी म्हणाली. "कारवीच्या काठ्या अशाच उब्या-तिरप्या घालत्यात. पर शेन न्हाई लिंपलं."

"लिंपलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "मीच लिंपलं होतं चिंचेने."

मावशीला काही कळलं नाही, पण आम्ही दोघी इतक्या हसलो की मला बशी धरवेना. "पुरे, पुरे, काढ आता," सासूबाईंनीच सांगितलं, आणि काप उचलून निवळीत बुडवला. एका पातेल्यात, मग दुसऱ्यात, मग उकळून कोमट केलेल्या पाण्यात. उन्हात वाळवून तेल लावलं. मग त्यांनी तो स्वतःच्या तळहातावर घेतला. त्यांनी काप असा हातात घेऊन बघायची ती पहिली वेळ. मी त्यांना पट्टे दाखवले, किनार दाखवली, किती हळू निवत गेलं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढा वेळ लागतो तर एवढं सुंदर होणारच."

पंधरा दिवस आम्ही रोज डबा उघडत होतो. गंज आला नाही. मी तो पुण्याला नेला आणि मुलींच्या हातांतून फिरवला. एका मुलीने विचारलं, "बाई, आपल्या आतही असं काही असतं का, जे बाहेरून दिसत नाही?" वर्ग हसला. मी हसले नाही, काप पुन्हा तिच्याच हातात दिला.

परत पाठवायची वेळ आली तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला. वीण तीच होती, कदाचित आधीपेक्षा जरा ठळक. मास्तरांना न सांगता पाठवला असता तर चाललं असतं. पण मी शब्द "जसा आला तसा" असा दिला होता. दोन संध्याकाळी मी कोरा कागद पुढे घेऊन बसले. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "लिही सरळ. माझ्या म्हाताऱ्या सासूने चिंचेने घासला म्हणून लिही. माझं कशाला झाकतेस?"

"आणि मी तुमच्यावर ओरडले तेही लिहू?"

"ते नको. ते घरातलं आहे."

मी सगळं लिहिलं. चिंच, विटकर, काचकागद, माझा गंजलेला काप, चुन्याची निवळी. पेटी बंद करणार तर सासूबाईंनी हात धरला. "रिकामी पाठवतेस?" शेजाऱ्याकडून वाटीभर काही उसनं आणलं तर वाटी रिकामी परत करायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. "यात काप आहे की," मी म्हटलं. "तो त्याचाच. आपलं काय?" असं म्हणून त्यांनी देव्हाऱ्यातून दसऱ्याचं आपट्याचं पान आणून पेटीत ठेवलं. मावशीने डोंगरातून आणलेल्या पानांतलं ते होतं. मग मला पत्राच्या खाली आणखी चार ओळी लिहाव्या लागल्या, की दसऱ्याला आम्ही हे पान सोनं म्हणून देतो आणि थोरांच्या पाया पडतो.

उत्तर यायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत पोस्टमन दिसला की मी हातातलं काम टाकून दाराशी जायचे. पत्र लहान होतं. त्यांनी लिहिलं होतं की पेटी उघडून आधी त्यांना राग आला, मग पत्र वाचलं, मग काप भिंगाखाली धरला. "माझ्या गुरूंचा हात त्यावरून पुसला गेला, याचं थोडं वाईट वाटतं, ते लपवत नाही. पण वीण त्यांची नव्हती आणि माझीही नाही. तुमच्या सासूबाईंना सांगा, यापुढे मीही माझे सगळे काप चुन्याच्या निवळीत धुईन. आणि सोन्याबद्दल आभार." मी ते सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "शहाणा माणूस आहे." नंतर मी ओट्याशी असताना त्यांनी ते पत्र पुन्हा मागून घेतलं, वाचता येत नसतानाही उलटसुलट पाहिलं आणि देव्हाऱ्यामागे ठेवलं.

मग युद्ध आलं आणि टपाल थांबत थांबत गेलं. मास्तरांची दोन पत्रं आली, नंतर काही नाही. युद्ध संपल्यावर दुसऱ्या वर्षी एक पार्सल आलं. मास्तर वारले होते. त्यांच्या बहिणीने लिहिलं होतं की त्यांच्या कपाटात या पेटीवर माझा पत्ता आणि "लोणावळ्याच्या दोघींसाठी" असं लिहून ठेवलेलं सापडलं. आत तोच मोठा काप होता, आणि त्याखाली मेणकागदात नीट दुमडलेलं आपट्याचं पान. त्यांनीही पेटी रिकामी परत केली नव्हती.

सासूबाईंना तोवर दिसेनासं झालं होतं. मी काप त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्यावर अंगठ्याचं नख हळूच फिरवलं. तेजाबाने पट्टे जरा खोल गेलेले असतात, किनार वर राहते, त्यामुळे नखाला ते लागतं. "आहे," त्या म्हणाल्या. "चरे आहेत." आणि हसल्या.

माझ्या आयुष्यात मला पुष्कळ काही न मागता मिळालं. वडिलांचं पुस्तक, मावशीच्या गारा, कधीही न भेटलेल्या माणसाचा विश्वास, आणि जिच्यावर मी ओरडले तिनेच मला दिलेली निवळी. यातलं काहीच मी त्यांना परत करू शकले नाही. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

हा डबा आता तुमचा. त्यात आज सहा काप आहेत, माझे पाच आणि मोठा एक. एकावरही गंज नाही. टिपणांची वही आहे, मास्तरांचं ते पत्र आहे. आपट्याचं पान तपकिरी झालं आहे, पण अखंड आहे.